धक्क्यातली वीज

मंडळी, या विकांताचा विषय जरा आडवळणाचा आहे. सुरुवात स्वयंपाकघरापासून करतो, कारण तिथे आपल्या प्रत्येकाच्या घरी एक छोटंसं वीजकेंद्र असतं आणि त्याला कुणी तसं म्हणत नाही. गॅसचा लायटर. त्यात सेल नाही, वायर नाही, चार्जिंग नाही. अंगठ्याने दाबलं की आतली स्प्रिंग आवळते, मग सुटते, एक बारकी हातोडी चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या तुकड्यावर आपटते आणि 'टक्' आवाजाबरोबर काही हजार व्होल्टची ठिणगी पडते. ही वीज आपल्या अंगठ्यातून आलेली असते, म्हणजे पर्यायाने सकाळच्या पोह्यांतून :-)

यावरून कुणालाही सुचेल असा प्रश्न म्हणजे, बोटाच्या एका दाबात ठिणगी पडते, तर दिवसभर आपल्या अवतीभवती जे काही हलतं, थरथरतं, आदळतं त्यातून काय काय होईल? आणि मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या माणसाला थरथरणाऱ्या वस्तूंची काय कमी! भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, तिथले प्रेस दिवसभर धाडधाड चालतात. आणि लोकल तर आहेच. विरारच्या मावशीकडे जाताना भाईंदर स्टेशन सुटलं की दोनच मिनिटांत गाडी खाडीवर येते आणि रुळांचा आवाज बदलतो. एक भरीव घुमणारा आवाज येतो आणि सगळा डबा पायाखाली हलका थरथरतो. लोक तेवढ्यात खिडकीतून निर्माल्य टाकून मोकळे होतात (खाली कुणी होडीत असेल याचा विचार न करता, पण तो वेगळा लेख). माझ्या डोक्यात मात्र दर वेळी तोच किडा वळवळतो. ही थरथर वाया चाललीय.

या शास्त्राला इंग्रजीतून आलेलं नाव आहे एनर्जी हार्वेस्टिंग. मला ते नाव पटत नाही. हार्वेस्ट म्हणजे सुगी, कापणी, खळ्यावर रास. इथे तसलं काही नसतं. आपल्याकडे शेतातलं पीक निघून गेल्यावर खाली पडलेली कणसं वेचतात, त्याला सरवा वेचणं म्हणतात. हे तेच आहे. पीक दुसऱ्या कुणाचं, आणि आपल्या पदरात येतो तो सरवा. हा फरक लक्षात घेतला नाही की माणसं फसतात, आणि या विषयाच्या इतिहासात बरीच माणसं फसलेली आहेत.

तर इतिहास.

हालचालीतून काम करून घेण्याची हौस विजेपेक्षा जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल या गावच्या पेरले नावाच्या घड्याळजीने १७७०च्या दशकात खिशातलं एक घड्याळ बनवलं. मालक चालू लागला की आतलं वजन वर-खाली हलायचं आणि त्याने किल्ली आपोआप बसायची. जिनिव्हाच्या एका संस्थेने १७७७ साली ते तपासलं आणि पंधरा मिनिटं चाललं की घड्याळ आठ दिवस चालतं असा अहवाल दिला. पुढे मनगटी घड्याळात हीच कल्पना आली. आपल्याकडे एचएमटीचं 'कांचन' ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल, हातात धरून हलवलं की आत काहीतरी फिरल्याचा मऊसा आवाज यायचा. लग्नात जावयाने मागून घ्यायचं ते हे घड्याळ. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना २०१६ साली बंद झाला, पण किती तरी कपाटांत 'कांचन' अजून पडून आहे. उचलून हलवा, चालू होईल. बिनसेलाच्या यंत्राचा हाच मोठा गुण आहे, वीस वर्षं विसरलात तरी ते रुसत नाही.

वीज आली ती १८३१ साली. फॅरडेने दाखवलं की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत प्रवाह वाहतो. नंतर १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी (धाकटा पिएर एकवीस वर्षांचा होता!) दुसरा रस्ता सापडवला. क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्या दोन बाजूंना विद्युतभार जमा होतो. याला पायझो परिणाम म्हणतात आणि आपला लायटर त्याचाच नातू, फक्त क्वार्ट्झच्या जागी १९५०च्या दशकात आलेला एक सिरॅमिक पदार्थ असतो. अवांतर: पिएरच्या पत्नीने, म्हणजे मारी क्युरीने, किरणोत्सर्ग मोजायला जे उपकरण वापरलं त्यात हाच दाबलेला क्वार्ट्झ होता. नवऱ्याचा जुना शोध बायकोच्या नव्या शोधाला कामी आला.

चुंबक हलवा किंवा स्फटिक दाबा, हालचालीतून वीज काढायचे हे दोन मुख्य मार्ग. आता गंमत अशी की टेलिफोनचा जन्म यातल्या पहिल्या मार्गावरच झाला. बेलच्या सुरुवातीच्या फोनमध्ये बोलणाऱ्याच्या आवाजाने पडदा हलायचा, त्याने चुंबकाजवळच्या वेटोळ्यात प्रवाह तयार व्हायचा आणि तोच प्रवाह तारेतून पलीकडे जाऊन तिथला पडदा हलवायचा. आवाज हाच संदेश आणि आवाज हेच इंधन. जहाजांवर असे बिनबॅटरीचे फोन पुढे कित्येक वर्षं वापरात होते, कारण जहाजाची वीज गेली तरी कप्तानाचा आवाज जात नाही. भूकंप मोजायच्या यंत्रातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिट्झिन या रशियन शास्त्रज्ञाने हेच केलं. जमीन हलते, वेटोळं आणि चुंबक एकमेकांच्या संदर्भात हलतात, प्रवाह तयार होतो, तोच नोंदवायचा. म्हणजे स्वतःची वीज स्वतः करणारा सेन्सर शंभर वर्षांपूर्वीच होता. त्याला बिचाऱ्याला फक्त बोलता येत नव्हतं, तार जिथवर असेल तिथवरच त्याची हद्द.

रेल्वेतही मॅग्नेटो फोन होता. फाटकावरचा गेटमन हँडल गरगर फिरवायचा, पलीकडे स्टेशन मास्तरच्या टेबलावर घंटी वाजायची. ती घंटी वाजवणारी वीज गेटमनच्या दंडातून आलेली असायची. बोलायला बॅटरी लागायची, पण हाक मारायला नाही.

पण रेल्वेचं खरं नवल डब्याखाली आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा पाठ्यपुस्तकातला पहिला धडा तोच असायला हवा. १८९०च्या दशकात लंडनच्या स्टोन कंपनीने डब्यातल्या दिव्यांसाठी एक युक्ती विकायला काढली. चाकाच्या आसावर पट्टा चढवायचा आणि त्या पट्ट्याने डब्याखाली टांगलेला डायनामो फिरवायचा. ऐकायला सोपं वाटतं. आता अडचणी बघा. गाडी कधी ताशी वीस मैलांनी जाते, कधी साठ, मग दिवे कधी मिणमिणणार आणि कधी उडणार. गाडी परत फिरली की डायनामो उलटा फिरणार, प्रवाह उलटा वाहणार. आणि गाडी स्टेशनात थांबली की अंधार!

स्टोनवाल्यांनी काय केलं? डायनामो तिरका, सैल टांगला. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पट्टा आपला आपण घसरायला लागायचा, त्यामुळे डायनामोचा वेग साधारण तेवढाच राहायचा. वेग पुरेसा झाल्यावरच डायनामो जोडणारा स्विच बसवला, तोच दिशाही सांभाळायचा. आणि थांबलेल्या वेळेसाठी बॅटऱ्या ठेवल्या. सर्किट, चिप, सॉफ्टवेअर काही नाही, नुसता घसरणारा पट्टा! आज मायक्रोवॅटवाली मंडळी शोधनिबंधांत जे चार प्रश्न मांडतात, म्हणजे स्रोत चंचल आहे, दिशा बदलते, साठवण हवी आणि पुरेसं जमल्याशिवाय जोडायचं नाही, ते चारही इथे सुटलेले आहेत.

ही पद्धत आपल्याकडे शंभर वर्षं टिकली. आपल्या लांब पल्ल्याच्या जुन्या निळ्या डब्यांखाली आसावरून पट्ट्याने चालणारा साडेचार किलोवॅटचा अल्टरनेटर असायचा. एखाद्या आडबाजूच्या सिग्नलला गाडी तासभर खोळंबली की पंखे मंदावायचे आणि दिवे पिवळे पडायचे, ते यामुळे. सायकलच्या डायनामोचीही तीच तऱ्हा. ६ व्होल्ट, ३ वॅट. ज्यांनी पुण्यात रात्री डायनामो लावून सायकल मारलीय त्यांना माहीत आहे की तो टायरला टेकवला की पेडल जड होतं. निसर्ग फुकट काही देत नाही याचा पहिला धडा मांड्यांनी शिकवला. चढावर दिवा मिणमिणायचा, चौकात थांबलं की विझायचा, आणि नेमका चौकातच हवालदार उभा.

आता साडेचार किलोवॅट कुठे आणि आपला विषय कुठे? आपल्याला सेन्सर चालवायचाय. तपमान, थरथर, दाब असं काहीतरी मोजायचं, दहा मिनिटांनी एकदा दोन आकडे रेडिओवरून पाठवायचे आणि झोपी जायचं. अशा नीट लिहिलेल्या सेन्सरचा सरासरी खर्च दहा मायक्रोवॅटपर्यंत खाली आणता येतो. मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग. त्या एका अल्टरनेटरवर असे ४५ कोटी सेन्सर चालतील!

इथेच या विषयाची मेख आहे. फॅरडेनंतर दीडशे वर्षं हालचालीतून वीज काढायचं तंत्र उपलब्ध होतं, तरी बिनबॅटरीचे सेन्सर आले नाहीत. का? कारण वेचलेल्या चिमूटभर विजेवर जगेल असं काही अस्तित्वातच नव्हतं. रेडिओच्या व्हॉल्व्हना नुसतं तापायलाच वॅटच्या वॅट लागायचे. ऑस्ट्रेलियातल्या ओसाड भागासाठी आल्फ्रेड ट्रेगरने १९२९च्या सुमारास पायाने पेडल मारायचा रेडिओ केला, तो चालवायला आख्खा माणूस लागायचा. ट्रान्झिस्टर आले, मग चिप आल्या, मग १९९०च्या दशकात असे मायक्रोकंट्रोलर आले जे झोपेत एक मायक्रोअँपियरहूनही कमी पितात. गेल्या पन्नास वर्षांत डायनामो फार सुधारला नाही, भूक कमी झाली. आणि भूक कमी करण्यात आम्हा प्रोग्रामर लोकांचाही थोडा हात आहे, हे नम्रपणे नमूद करतो :-)

पहिली घर करून राहिलेली वस्तू पुन्हा घड्याळच. सेको कंपनीने १९८८ साली क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं ज्यात सेलच्या जागी इवलासा जनित्र होता. मनगट हललं की अर्धगोल वजन फिरतं, दातेरी चाकं तो वेग वाढवतात, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार आतला चुंबक मिनिटाला एक लाखापर्यंत फेरे घेऊ शकतो. क्वार्ट्झ घड्याळाची भूक साधारण एक मायक्रोवॅटची. तेवढं मनगट सहज देतं.

मग १९९५ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात विल्यम्स आणि येट्स या दोघांनी कागदावर हिशोब मांडला. स्प्रिंगला टांगलेलं एक बारकं वजन, सगळं मिळून पाच बाय पाच बाय एक मिलिमीटर. ते थरथरणाऱ्या यंत्रावर चिकटवलं तर किती वीज मिळेल? उत्तर असं आलं की यंत्र सेकंदाला ७० वेळा थरथरत असेल तर एक मायक्रोवॅट, ३३० वेळा थरथरत असेल तर शंभर मायक्रोवॅट. वेग पाचपटसुद्धा वाढला नाही आणि वीज शंभरपट वाढली, कारण थरथरीची लांबी तीच धरली तर वीज कंपनांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. (४.७ चा घन करून बघा, हिशोब जुळतो.) या एका घनाने नंतरच्या पंचवीस वर्षांतल्या किती कल्पना तारल्या आणि किती बुडवल्या याची गणती नाही.

बुडालेल्यांपैकी सगळ्यात लाडकी कल्पना म्हणजे पावलांची वीज. एमआयटीत १९९८ साली बुटात पायझो पट्ट्या घालून पाहिल्या. चालताना काही मिलिवॅट मिळाले आणि त्यावर एक छोटा रेडिओ संदेश पाठवता आला. प्रयोग म्हणून उत्तमच. मग २००६ आणि २००८ साली जपानच्या रेल्वेने टोकियो स्टेशनात तिकिटाच्या फाटकाजवळ पायझो फरशा बसवून पाहिल्या, आणि तेव्हापासून दर वर्षी कुणीतरी उठतं आणि म्हणतं की आपल्या स्टेशनांवर एवढी गर्दी, फरशा बसवा, स्टेशन उजळून टाका!

चला, भाईंदरला बसवू. साठ किलोचा माणूस, फरशी पाच मिलिमीटर खाली दबते (याहून जास्त दबली तर सकाळी ८:१०च्या गर्दीत माणसं पडतील). साठ गुणिले ९.८ गुणिले ०.००५, म्हणजे जेमतेम तीन ज्यूल. तेही शंभर टक्के वीज झाली असं धरून. एक लाख पावलं पडली तर तीन लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे लाख पावलांची कमाई एका युनिटच्या दहाव्या भागाहून कमी, नऊ वॅटचा एक एलईडी दिवा नऊ तास चालेल एवढी. आणि ही वीजही फुकट नाही. सायकलच्या डायनामोसारखीच ती आपल्या पोटऱ्यांतून जाते. आधीच पूल चढून दमलेल्या माणसाकडून पावलापावलाला वसुली.

पण तोच तीन ज्यूलचा आकडा उलट्या बाजूने बघा. दिव्याला तो काहीच नाही, पण लांबवर जाणारा एक रेडिओ संदेश पाठवायला ज्यूलचा विसावा भाग पुरतो. एका पावलात साठ संदेश! म्युनिकजवळच्या एनोशन कंपनीने (सीमेन्समधून २००१ साली बाहेर पडलेली मंडळी) हे बरोबर ओळखलं आणि भिंतीवरचं असं बटण काढलं ज्याला वायरही नाही आणि सेलही नाही. बटण दाबायच्या 'खट्'मधून जी वीज होते तेवढ्यावर ते दिव्याला जवळच्या जवळ 'लाग' असा निरोप धाडतं. गॅसचा लायटर आणि फाटकावरचा मॅग्नेटो फोन यांचं हे लेकरू आहे, हाक मारणाऱ्यानेच हाकेचा खर्च उचलायचा. मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत सुबक वस्तू हीच वाटते.

आता बॅटरीची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. किराणा दुकानातही मिळणारा बटण सेल, सीआर २०३२. त्यात साधारण २४०० ज्यूल असतात. दहा मायक्रोवॅटचा सेन्सर त्यावर हिशोबाने सात वर्षं चालतो. किंमत वडापावच्या आसपास. आता या सेलशी स्पर्धा करायची आहे दोन-तीन हजारांच्या जनित्राने. कोण घेईल? म्हणूनच दरवर्षी नवा चमत्कारी जनित्र गाजतो (२००६ साली अमेरिकेत झोंग लिन वांग यांनी झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारा वाकवून वीज काढली, २०१२ साली त्यांच्याच गटाने दोन पदार्थ घासून) आणि तरी आपल्या घरातल्या प्रत्येक रिमोटमध्ये अजून सेलच असतो. जिथे माणसाचा हात सहज पोचतो तिथे सेल जिंकतो. वेचलेल्या विजेला वाव आहे तो जिथे हात पोचत नाही तिथे, किंवा जिथे एवढे सेन्सर आहेत की सेल बदलायला एक माणूस कायमचा नोकरीला ठेवावा लागेल.

अशी एक जागा म्हणजे चाकाचा बेअरिंग.

२२ जानेवारी २०२५ला जळगाव जिल्ह्यात परधाडे स्टेशनजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. कुणीतरी साखळी ओढली, घाबरलेली माणसं रुळावर उतरली, आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांना उडवलं. बारा जण तरी गेले. आग नव्हतीच. चाकापाशी ठिणग्या दिसल्या, आसाचा बेअरिंग तापल्याने किंवा ब्रेक घट्ट बसल्याने, असं रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडून सुरुवातीला सांगितलं गेलं. आता बघा, तापणारा बेअरिंग ही रेल्वेची दीडशे वर्षांची जुनी डोकेदुखी. त्यासाठी गाडी स्टेशनात शिरताना कर्मचारी फलाटाच्या कडेला उभे राहून चाकांवर नजर ठेवतात, पूर्वी हात लावून बघायचे, आता तपमानाची बंदूक रोखतात. रुळांच्या कडेलाही काही ठिकाणी तापलेला बेअरिंग ओळखणारी यंत्रं असतात. पण दोन तपासण्यांच्या मधल्या अंतरात बेअरिंग काय करतोय हे डब्यातल्या कुणालाच कळत नाही.

प्रत्येक बेअरिंगवर सेन्सर का नाही लावत? लावा की. एका डब्याला आठ बेअरिंग, चोवीस डब्यांना एकशे ब्याण्णव. त्यांना वीज द्यायची तर वायर फिरत्या, धडधडणाऱ्या भागाजवळून न्यायची, ती तुटणार. सेल घातला तर तो उन्हात, पावसात, चिखलात बदलायला कुणीतरी डब्याखाली शिरणार. आणि नेमकी इथेच थरथर भरपूर आहे, जोरदार आहे आणि फुकट आहे. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातून २००४ साली निघालेल्या पर्पेट्युअम कंपनीने हेच केलं. मुठीएवढ्या डबीत स्प्रिंगवर चुंबक, शेजारी वेटोळं, सोबत तपमान आणि थरथर मोजणारा सेन्सर आणि रेडिओ. चाक फिरतंय तोवर डबी जिवंत. तिकडच्या लोकलसारख्या गाड्यांवर त्या हजारोंनी बसल्या आणि २०२१ साली हिताची रेलने ती कंपनीच विकत घेतली. यातली मला आवडलेली गोष्ट अशी की बेअरिंग बिघडायला लागला की जास्त थरथरतो. म्हणजे आजारी जास्त असेल तर ओरडायला जास्त ताकद!

भाईंदरच्या भांडी कारखान्यांतल्या मोटरींवरही असा सेन्सर चालेल, पण एक बारीक खोच आहे. ही जनित्रं ठरावीक सुरालाच जोरात हलतात, झोपाळ्यासारखी. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे मोटरी गुणगुणतात १०० हर्ट्झला. अमेरिकेत ६० हर्ट्झ, तिथे १२०. अमेरिकेसाठी सूर लावलेली डबी स्वस्तात मिळाली म्हणून उचलून आणली, तर ती भाईंदरच्या मोटरीवर मुकाट बसून राहील. सॉफ्टवेअरमध्ये तरी आपण सेटिंग बदलू शकतो, स्प्रिंगला सेटिंग नसतं.

आणि आता खाडीवरचा पूल. कर्नल केनेडी या अभियंत्याने बीबीसीआय रेल्वेसाठी सुरत ते मुंबई मार्गावर पूल बांधले ते जमिनीत स्क्रूसारखे पिळून घातलेल्या ओतीव लोखंडी खांबांवर. १८६४ साली गाडी ग्रँट रोडपर्यंत पोचली. वसईच्या खाडीवर दोन पूल, मध्ये पाणजू बेट. आज आपली लोकल जाते ते पूल नंतरचे. पण खारा वारा तोच, भरती-ओहोटी तीच, गाळ तोच. पुलाला वयाबरोबर काय काय होतं हे आपण २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडला पाहिलं. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस माणसांसकट गेल्या. कुणालाही कळलं नाही, म्हणून गाड्या अंधारात येतच राहिल्या. पुलाच्या खांबावर एक सेन्सर असता आणि त्याने फक्त 'मी आता नाही' एवढं कळवलं असतं, तरी पुरे होतं.

खाडीच्या मधोमध खांबावर सेन्सर लावला तर सेल बदलायला होडी, दोरखंड आणि रेल्वेचा ब्लॉक लागेल. म्हणजे वेचलेल्या विजेची ही हक्काची जागा. दर काही मिनिटांनी एक लोकल, वर मालगाड्या, मेल गाड्या. थरथर मात्र संथ, सेकंदाला चार-पाचच. तो घनाचा नियम इथे आडवा येतो. त्यावर उपाय म्हणून वजन मोठं घेऊ, पुलाची हालचालही मोटरीपेक्षा मोठी असते, आणि आपल्याला हवेतच किती, शंभर-दीडशे मायक्रोवॅट. जमेल.

पण खरी अडचण वेगळीच आहे. रात्री उशिरा काही वेळ लोकल नसतात. आणि २६ जुलै २००५ला नव्हत्या, जुलै २०१८ मध्ये वसई-विरारचे रूळ पाण्याखाली गेले तेव्हा नव्हत्या. पूल जेव्हा सगळ्यात जास्त धोक्यात असतो, तेव्हाच त्यावरची थरथर बंद असते. पहिला डायनामो बंद पडतो तो पुरातच. स्टोनवाल्यांनी थांबलेल्या गाडीसाठी बॅटऱ्या ठेवल्या होत्या, आपल्याला इथे सुपरकपॅसिटर ठेवावा लागेल, कारण बॅटरी खाऱ्या उन्हात थोड्या वर्षांत थकते.

हिशोब करू. एक फॅरडचा सुपरकपॅसिटर, ३.३ व्होल्टपासून २ व्होल्टपर्यंत वापरला, तर साडेतीन ज्यूलच्या आत-बाहेर. सेन्सरची झोप आणि कपॅसिटरची गळती मिळून पंधरा मायक्रोवॅट धरू, म्हणजे तासाला ५४ मिलिज्यूल. एक संदेश ५० मिलिज्यूल. दर दहा मिनिटांनी संदेश धाडला तर साठा साडेनऊ तासांत संपतो. तासाला एकच धाडला तर बत्तीस-तेहेतीस तास पुरतो.

आता इथे चिप बाजूला राहते आणि आमच्या धंद्याचा प्रश्न येतो. थरथर थांबलीय. ही रोजची रात्रीची अडीचची शांतता आहे, की वर रूळ बुडालेत? पहिलं असेल तर सेन्सरने गप्प झोपावं, साठा वाचवावा. दुसरं असेल तर त्याने उलट जास्त वेळा बोलावं, जमवलेलं सगळं उधळून. एक अट, दोन फांद्या, आणि दोन्हीकडे चूक महाग. घड्याळ बघावं तर पहाटेही पूर येतोच. मी लिहीन तर थरथरीवर भरवसा न ठेवता आधी पाण्याची पातळी वाचेन, भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून बघेन, आणि पातळी वेळापत्रकापेक्षा वर असेल तरच तोंड उघडेन. पण पातळी वाचायलाही वीज लागते, दर वाचनाला थोडी थोडी. ती कितीदा वाचायची, हा आकडा अजून वहीत कोरा आहे. तुमच्यापैकी कुणी असला कोड लिहिला असेल तर सांगा, पुढच्या विकांताला तोच घेऊन बसतो.